मापात पाप!

समजा, तुम्ही चिंचपाड्याला राहता. रोज सकाळी पॅसेंजर पकडून नवापूरला कॉलेजला जाता. आज गाडी वेळेवर आली, तुम्हीही वेळेवर चढलात. पण मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर मध्येच बाजूच्या लाइनीला लागली. वीस मिनिटं तिथेच गेली. नवापूरला उतरून धावत-पळत वर्गाच्या दारात पोचलात, तेव्हा हजेरी होऊन चार मिनिटं झाली होती. पुढचा सगळा तास तुम्ही बसलात, वहीची चार पानं भरलीत. हजेरीपटावर मात्र तुमच्या नावापुढे गैरहजर. आणि तुमच्या शेजारचा मित्र? तो हजेरीला 'येस सर' म्हणाला, पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या नावावर अख्खा तास जमा.

राग येतो ना? यायलाच हवा. पण हा राग सरांवर काढू नका. सरांनी कुणावर अन्याय करायचा म्हणून केला नाही. त्यांच्याकडचं मापच तसं आहे. तासातला एक क्षण बघायचा आणि त्यावरून पूर्ण तासाचा हिशोब मांडायचा, असं ते माप. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, मापात पाप.

गंमत म्हणजे अगदी हाच घोळ तुमच्या खिशातल्या फोनमध्येही होता. तिथे तो बऱ्यापैकी सुटला. कसा सुटला, ते बघण्यासारखं आहे.

वाटणी करणारा कोण?

फोनमध्ये एकाच वेळी शेकडो कामं जिवंत असतात. गाणं वाजतंय, मेसेज येतोय, मागे एखादं ॲप अपडेट होतंय, तुम्ही रील सरकवताय. ही कामं करायला प्रोसेसरचे कोअर असतात चार, नाहीतर आठ. मग कुठल्या कामाला कोअर कधी द्यायचा, किती वेळ द्यायचा, कधी काढून घ्यायचा? हे ठरवणारा जो कारभारी, तो टास्क शेड्युलर. तो राहतो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये. लष्करातले कर्नल नव्हेत. हा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. म्हणजे चिंचपाड्याच्या फलाटावरच्या फोनमध्ये आणि जगातल्या मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये बसलेला कारभारी एकाच घराण्यातला.

माझं म्हणणं सरळ आहे. वाटणी न्यायाची हवी असेल, तर आधी मोजणी नीट हवी. गेल्या वीस वर्षांत लिनक्सच्या शेड्युलरमध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यातल्या कितीतरी सुधारणा म्हणजे घड्याळ दुरुस्त करणं होतं. ही गोष्ट कॉम्प्युटरच्या मुलांनी तर वाचावीच, पण हजेरीपटावर ज्याचं नाव आहे त्या प्रत्येकानेही वाचावी.

पेपरातलं गणित आणि खरं गणित

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगला असाल, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरातला हुकमी प्रश्न तुम्हाला पाठ असेल. पी-वन, पी-टू, पी-थ्री अशा प्रोसेस, प्रत्येकीचा बर्स्ट टाइम दिलेला, राउंड रॉबिन लावा, गँट चार्ट काढा, सरासरी वेटिंग टाइम सांगा. पैकीच्या पैकी मार्क मिळवून देणारा प्रश्न.

पण या प्रश्नात एक गोष्ट गुपचूप धरून चाललेली असते. 'पी-वन ४ मिलिसेकंद चालली' हे कोणी मोजलं? पेपरातलं घड्याळ कधी चुकत नाही, मोजायला त्याला वेळ लागत नाही आणि सगळ्यांना ते सारखंच दिसतं. खऱ्या कर्नलला मात्र कुठल्या कामाला किती वेळ लागणार ते आधी कळत नाही. ते किती वेळ चाललं, हेसुद्धा मोजावं लागतं. आणि मोजणाऱ्याला मोजण्यासाठी तोच प्रोसेसर वापरावा लागतो. खरी अडचण इथून सुरू होते.

'येस सर' म्हणून निसटणारे

जुनी पद्धत अशी होती. मशीनमधला टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला टोकायचा. या टोकण्याला म्हणतात टिक. पीसीवरच्या लिनक्समध्ये एके काळी सेकंदाला १०० टिक पडायच्या, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. दोन टिकमधल्या या वेळाला कर्नलवाल्यांच्या भाषेत जिफी म्हणतात. टिक पडली की कर्नल जागा व्हायचा, प्रोसेसरवर आत्ता कोण बसलंय ते बघायचा आणि अख्खी जिफी त्याच्या नावावर मांडायचा. आधी कोण येऊन गेलं, याची चौकशी नाही. म्हणजे हजेरीच की!

१० मिलिसेकंद ऐकायला किती लहान वाटतात. पण ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या वेळात ३ कोटी ठोके मोजतो. त्यात पाच कामं येऊन जाऊ शकतात. बिल मात्र टिक पडताना जो सापडला त्याच्या नावावर.

यावर कोणी म्हणेल, सरासरीत सगळं सारखं होतं. आज त्याच्या नावावर जास्त पडलं, उद्या दुसऱ्याच्या. लांबलचक चालणाऱ्या कामांपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे. पण फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवं चित्र काढतो. एका चित्राला मिळतात साधारण १६ मिलिसेकंद. ज्या पट्टीवरची सगळ्यात बारीक खूण १० ची आहे, तिने १६ मोजायचे कसे?

आणि दुसरी भानगड जास्त गंभीर. २००७ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी एक निबंध मांडला. डॅन त्साफ्रिर, योआव एत्सिओन आणि ड्रोर फायटेलसन ही त्यांची नावं. त्यांनी दाखवून दिलं की एखादा साधा प्रोग्रॅम, कुठलेही खास अधिकार नसताना, जवळजवळ सगळा प्रोसेसर बळकावू शकतो. युक्ती अगदी कॉलेजछाप. टिक संपली की लगेच कामाला लागायचं आणि पुढची टिक पडायच्या जरासं आधी झोपी जायचं. हजेरी घ्यायला कर्नल आला की प्रोसेसरवर दुसराच कोणीतरी सापडतो. बिल त्याच्या नावावर. खाणारा मात्र कागदोपत्री उपाशी. वर शेड्युलरला वाटायचं, बिचारा सारखा झोपलेला असतो, याला प्राधान्य द्या! लिनक्स, विंडोज, सोलारिस, फ्रीबीएसडी, सगळेच या युक्तीला फसत होते.

मग टिक वाढवल्या तर? तेही करून झालं. लिनक्सच्या २.६ मालिकेत पीसीसाठी सेकंदाला १००० टिक आल्या. पण प्रत्येक टिक म्हणजे प्रोसेसरला झोपेतून उठवणं. बॅटरी जाते, कामात खोळंबा होतो. २००५ मध्ये नेहमीचा आकडा २५० वर आणला. आणि खरं सांगायचं तर हजेरी तासात चार वेळा घेतली, तरी निसटणारा चार वेळा 'येस सर' म्हणून निसटतोच. दोष हजेरीच्या संख्येत नव्हता. क्षण बघून तास मोजण्यात होता.

आला तेव्हा बघा, गेला तेव्हा बघा

त्याच २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सची २.६.२३ ही आवृत्ती आली आणि तिच्यात इंगो मोल्नार यांनी लिहिलेला नवा शेड्युलर आला, कम्प्लिटली फेअर शेड्युलर. यामागे कॉन कोलिव्हास नावाच्या माणसाचीही मेहनत आहे. हा माणूस कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हे. तो ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर. प्रोग्रॅमिंग स्वतःचं स्वतः शिकला. घरच्या कॉम्प्युटरवर माउस अडखळतो, गाणं तुटतं, हे त्याला सहन होईना म्हणून त्याने स्वतः शेड्युलर लिहून दाखवले. न्याय्य वाटणी जमू शकते हे त्याने आधी सिद्ध केलं, असं श्रेय मोल्नार यांनी त्याला दिलं.

नव्या शेड्युलरने हिशोबाची पद्धत बदलली. काम कोअरवर चढलं की घड्याळ बघायचं. उतरलं की पुन्हा बघायचं. वजाबाकी केली की आला हिशोब, तोही नॅनोसेकंदात. टिक अजूनही पडते, पण तेव्हाही अख्खी जिफी कुणाच्या माथी मारली जात नाही. मागच्या नोंदीपासून खरोखर किती वेळ गेला, तेवढाच मांडला जातो. ज्याच्या खात्यावर सगळ्यात कमी वेळ, त्याचा नंबर पुढचा. आता टिक चुकवून झोपण्यात काही फायदा उरला नाही. चढण्या-उतरण्याची नोंद होतेच.

ही चलाखी पोलीस लावून थांबवली नाही, हे लक्षात घ्या. माप बदललं, चलाखी आपोआप बंद झाली.

पण घड्याळ कुणाचं?

नॅनोसेकंदात हिशोब ठेवायचा, तर तितकं बारीक आणि झटपट वाचता येणारं घड्याळ हवं. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ठोके मोजणारा एक काउंटर असतो, टाइम स्टॅम्प काउंटर. वाचायला सगळ्यात जलद. पण त्या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरवर तो भरवशाचा नव्हता. बॅटरी वाचवायला प्रोसेसरने वेग कमी केला की काउंटरही हळू चालायचा. आणि एकापेक्षा जास्त प्रोसेसर असले, तर एकाचा काउंटर दुसऱ्याशी जुळेलच याची खात्री नसायची. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेलं आणि दुसऱ्याचं घड्याळ मागे असलं, की वजाबाकीत वेळ उणे यायचा. काम सुरू व्हायच्या आधीच संपलं!

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्हाला माहीतच आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. राज्यं दोन, पण वेळ एकच, म्हणून गाड्यांचा गोंधळ होत नाही. मुंबईने मात्र हा गोंधळ भोगलाय. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. दोन्हींत फरक ३९ मिनिटांचा. म्हणजे 'दहाला भेटू' म्हटलं, तर कुणाच्या दहाला, हे विचारावं लागायचं. अनेक कोअरच्या मशीनमध्ये कर्नलची गत अशीच झाली होती.

२००८ मध्ये पीटर झायल्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेड्युलरच्या घड्याळासाठी मधला मार्ग काढला. प्रत्येक कोअरने आपला जलद काउंटरच वाचायचा, पण दर टिकला तो मशीनच्या भरवशाच्या वेळेशी बांधून घ्यायचा. दोन टिकच्या मध्ये काउंटरने कितीही उड्या मारल्या, तरी एका टिकपलीकडे जाऊ द्यायचं नाही. वेळ मागे तर कधीच न्यायची नाही. आणि दोन कोअरच्या घड्याळांची गाठ पडली, तर जे पुढे असेल ते दोघांनी मानायचं. पुढे प्रोसेसरचे काउंटर सुधारले, आजचे बहुतेक एकसारख्या वेगाने चालतात. तरीही काउंटरचा भरवसा वाटेनासा झाला, तर ही व्यवस्था आजही कर्नलमध्ये तयार आहे.

मध्येच आलेल्या पाहुण्याचं बिल

इथवर घड्याळ बारीक झालं, एक झालं. आता पुढचा प्रश्न. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तुमचं काम कोअरवर चाललंय. तेवढ्यात नेटवरून काहीतरी आलं. हार्डवेअरने हाक मारली. याला म्हणतात इंटरप्ट. कर्नल तुमचं काम आहे तिथे थांबवतो आणि आलेल्या गोष्टीची व्यवस्था लावतो. ती गोष्ट तुमच्यासाठी असेलच असं नाही, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी असते. पण या पाहुणचाराचा वेळ बरीच वर्षं कुणाच्या खात्यावर जायचा? तुमच्या. कारण तेव्हा कोअरवर तुम्ही बसला होता ना!

२०१० मध्ये वेंकटेश पल्लीपाडी यांनी यावर बदल सुचवले आणि ते लिनक्सच्या २.६.३७ आवृत्तीत आले. इंटरप्टमध्ये गेलेला वेळ वेगळा मोजायचा आणि कामाच्या खात्यातून वजा करायचा. तेव्हापासून, ही सोय चालू ठेवली असेल तर, शेड्युलरकडे दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरच्यासारखं सरळ चालणारं. दुसरं कामाचं, व्यत्यय आला की थांबणारं.

दुसराही एक वेळ वजा होतो. क्लाउडवर एकाच खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालतात. आपल्या आभासी मशीनला वाटतं आपण चालतोय, पण खऱ्या मशीनने तेवढ्यात दुसऱ्यालाच प्रोसेसर दिलेला असतो. या वेळाचं अधिकृत नावच 'स्टील टाइम' आहे, चोरलेला वेळ. लिनक्सवर 'टॉप' ही कमांड चालवली, की वरच्या भागात प्रोसेसरच्या ओळीत अगदी शेवटी 'एसटी' अशी दोन अक्षरं दिसतात. आपली लाल एसटी नव्हे, ही चोरीची एसटी! हा चोरलेला वेळही आता कामाच्या खात्यातून वजा करता येतो.

आता परत त्या पॅसेंजरमध्ये बसा. एक्स्प्रेसला वाट देताना गेलेली वीस मिनिटं कुणाची होती? तुमची नव्हती. तुम्ही तर वेळेत गाडीत बसला होता. पण हजेरीपटाकडे एकच घड्याळ आहे. त्याला तुमचा उशीर आणि तुमच्याकडून घेतला गेलेला वेळ यातला फरक कळत नाही.

घरातही बघा. बहीण संध्याकाळी सहाला पुस्तक घेऊन बसते. हंडा भरून आण. पाहुणे आले, चहा टाक. धाकट्याचा गृहपाठ घे. दहाला पुस्तक मिटतं. घरच्यांच्या हिशोबात तिने चार तास अभ्यास केला. मग मार्क का कमी? 'एवढा वेळ पुस्तक घेऊन बसते, पण डोक्यात शिरत नाही.' अहो, त्या चार तासांतले तीन तास इंटरप्टचे होते! ते बिल तिच्या खात्यावर का?

एक तास बरोबर एक तास?

यापुढची पायरी अजून अवघड आहे. आजच्या फोनमध्ये सगळे कोअर सारखे नसतात. काही मोठे आणि ताकदवान, काही लहान आणि बॅटरी वाचवणारे. शिवाय प्रत्येकाचा वेग गरजेप्रमाणे वर-खाली होतो. अशा वेळी '५ मिलिसेकंद चाललं' एवढ्यावरून काम जड की हलकं, हे कळत नाही. मोठ्या कोअरवर जे ५ मिलिसेकंदांत उरकतं, त्याला लहान कोअरवर दुप्पट वेळही लागू शकतो. नुसतं घड्याळ बघितलं, तर लहान कोअरवरचं काम विनाकारण जड दिसतं.

म्हणून कर्नलने कोअरना ताकदीचे मार्क दिले. सगळ्यात ताकदवानाला १०२४, बाकीच्यांना त्या प्रमाणात. २०१३ पासून प्रत्येक कामाचा भार अंदाजे एकेक मिलिसेकंदाच्या तुकड्यांत मोजला जातो आणि जुन्या नोंदीचं वजन दर ३२ तुकड्यांनी अर्धं होतं. म्हणजे कालच्या वागण्यावरून आज कायमचा शिक्का बसत नाही. मग २०१९ मध्ये व्हिन्सेंट गिटो यांनी ५.१ आवृत्तीत आणखी एक पाऊल टाकलं. भार मोजणारं घड्याळच असं केलं की कोअर हळू चालत असेल तेव्हा तेही त्या प्रमाणात हळू चालतं, आणि कोअर रिकामा झाला की पुन्हा खऱ्या वेळेशी जुळवून घेतं. त्यामुळे लहान कोअरवर बसवलेलं काम केवळ तिथे बसवलं म्हणून ढिलं किंवा जड ठरत नाही.

आपल्याकडे काय होतं? सगळ्यांना पेपर तीन तासांचा, प्रोजेक्टची मुदत एकच, ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख एकच. एकाच्या घरी वायफाय आणि लॅपटॉप. दुसरा पाड्यावरून रेंज येईल त्या टेकाडावर जाऊन फॉर्म भरतोय. दोघांच्याही मनगटावर तास साठ मिनिटांचाच. पण त्या तासात होऊ शकणारं काम सारखं नाही. याचा अर्थ मागे पडणाऱ्याला फुकटचे मार्क द्या असा नाही. कर्नलही कुणाला फुकटचं काही देत नाही. तो फक्त हळू कोअरचा दोष त्यावरच्या कामाला लावत नाही. एवढं आपण करू शकतो ना?

'मग काय, सारखं मोजतच बसायचं?'

आता तुम्ही म्हणाल, हे फार होतंय. मिनिटामिनिटाला बायोमेट्रिक लावायचं का? वर्गात कॅमेरे? मोबाइलचं लोकेशन?

आक्षेप बरोबर आहे. मोजण्याची किंमत असते. घड्याळ वाचायलाही वेळ लागतो, म्हणून इंटरप्टचा वेगळा हिशोब ठेवायची सोय लिनक्सने ऐच्छिक ठेवली आहे. ज्याला परवडेल त्याने चालू करावी. पण कर्नलची वाट बघा. त्याने जास्त वेळा टोकायचा मार्ग घेतला नाही. तो नेमक्या वेळी मोजतो. काम चढताना, उतरताना, व्यत्यय येताना, जाताना. प्रोसेसर रिकामा असेल, तर आजचे कर्नल बऱ्याचदा टिकसुद्धा बंद ठेवतात. कुणी चालत नसेल, तर मोजायचं काय?

आणि मोजून पुढे करायचं काय, हेही पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सची ६.६ आवृत्ती आली आणि तिच्यात झायल्स्ट्रा यांनी जुन्या शेड्युलरच्या जागी ईईव्हीडीएफ नावाची रीत आणली. आयॉन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वाहाब यांनी ती १९९५ मध्ये कागदावर मांडली होती. तिच्यात प्रत्येक कामाच्या खात्यावर 'लॅग' असतो. वाट्याला यायला हवा होता तेवढा वेळ आणि मिळालेला वेळ, यांतला फरक. ज्याचं येणं बाकी, त्याचा हक्क आधी. ज्याने जास्त घेतलं, त्याने जरा थांबायचं. मध्येच क्षणभर झोपून देणं बुडवताही येत नाही.

हजेरीपट मात्र उलटा चालतो. ७५ टक्के भरले नाहीत, तर परीक्षेला बसू देणार नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं. मोजायचं ते शिक्षेसाठी. कर्नल मोजतो ते कुणाचं किती देणं राहिलंय हे कळावं म्हणून. बायोमेट्रिक मशीन आणलं आणि हेतू तोच ठेवला, तर माप फक्त महाग होईल, पाप तसंच राहील.

मागायचं काय?

म्हणून कॉलेजमध्ये हजेरीवरून भांडण होईल, तेव्हा 'हजेरी बंद करा' असं म्हणू नका. ती मागणी टिकत नाही. सरळ तीन प्रश्न विचारा. एक, तुम्ही क्षण मोजताय की तास? दुसरा, आमच्या हातात नसलेला वेळ वेगळा मांडायला रकाना आहे का? गाडी, एसटी, शेतीचा हंगाम, घरातलं आजारपण, याची नोंद होते का? तिसरा, मोजून झाल्यावर मागे पडलेल्याला काय देणार? जादा तास, पुन्हा प्रॅक्टिकल, की नुसतीच नोटीस?

हेच प्रश्न स्वतःलाही विचारा. 'मी आज सहा तास अभ्यास केला' म्हणताना त्यातले इंटरप्ट वजा केलेत का? फोन खिशात होता, तर बरेच इंटरप्ट तुम्हीच बोलावलेले असणार. ते मात्र तुमच्याच खात्यावर.

आणि कॉम्प्युटरच्या दोस्तांनो, गँट चार्टचे मार्क घ्या, पण तिथे थांबू नका. लिनक्स कर्नलचा सगळा कोड फुकट आणि उघडा आहे. तो वाचायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. कॉन कोलिव्हास ऑपरेशन थिएटरमधली नोकरी सांभाळून शेड्युलर लिहायला शिकला. चिंचपाड्याहून नवापूरपर्यंत पॅसेंजर रोज तुम्हाला वाचायला वेळ देते. कधी कधी वीस मिनिटं जास्तच.

करून बघा

• जुन्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा. आधीचं काही पुसावं लागत नाही.

• 'प्रॉक' या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोसेसच्या नंबरचं एक फोल्डर असतं. त्यातली 'शेडस्टॅट' ही फाइल उघडा. तीन आकडे दिसतील. पहिला, ती प्रोसेस किती नॅनोसेकंद चालली. दुसरा, तयार असूनही किती नॅनोसेकंद रांगेत थांबली. तिसरा, तिला किती वेळा पाळी मिळाली.

• एक व्हिडिओ लावा आणि सोबत एखादी मोठी फाइल झिप करायला घ्या. आता दोन्ही प्रोसेसचे दुसरे आकडे थोड्या थोड्या वेळाने लिहून काढा. वाट कोण किती बघतंय, ते कळेल.

• 'प्रॉक'मधलीच 'इंटरप्ट्स' ही फाइल दोनदा उघडून बघा. मधल्या काही सेकंदांत कुठल्या कोअरला कितीदा टोकलं गेलं, ते मोजा.

• जमलं तर कर्नलच्या कोडमध्ये 'शेड' फोल्डरमधली 'क्लॉक' नावाची फाइल शोधा. घड्याळाची कहाणी तिच्या सुरुवातीच्या टिपणीतच लिहून ठेवली आहे.